मोराचे पत्ते

जागा संपली, फोन तिसऱ्यांदा सांगतो.
पंधरा जीबी. विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्यांसारखंच:
पाहुणा आला की एकानं गच्चीवर झोपायचं.

मग मीच ठरवलं, सगळं हलवायचं.
जुन्या खात्यातलं नव्या खात्यात,
आणि भाग्यवंतीनं फेसबुकवर टाकून ठेवलेलं,
जे आमच्याकडे नाहीच, तेही उतरवून घ्यायचं.

भाग्यवंती भिवंडीत. पासवर्ड तिला आठवत नाही.
ओटीपी जातो जुन्या नंबरावर,
आणि रिचार्ज न केलेला तो नंबर आता
बार्शीच्या कुणा गफूरभाईंचा.
घाबरतच फोन लावला.
"असं कुणाला सांगू नये म्हणतात, ताई."
जरा थांबले. मागं कुठंतरी वजनकाटा खणखणला.
"फोटो कुणाचेत?"
वडलांचे, म्हटलं.
मग त्यांनी सहा आकडे सांगितले, एकेक करून,
पोती मोजल्यासारखे.

रात्री अकरानंतर नेट बरं चालतं.
निळी रेघ सरकते, थांबते, पुन्हा सरकते.
पाण्याचा आज पाचवा दिवस, पहाटे नळ येईल.
अम्मा घागरी ओळीनं मांडते आणि विचारते, "आलं का?"
ती पाण्याचं विचारते की ह्याचं, कळत नाही.

सकाळी सगळे आले. दोन हजार तीनशे अकरा.
आणि सगळ्यांवर एकच तारीख: कालची.
काल राजमणी मावशीचं लग्न लागलं.
काल गड्ड्यात आकाशपाळण्यातून उतरून भाग्यवंती ओकली.
काल अप्पा मागापाशी उभे होते, बनियनवर, केसांत कापूस.
आणि कालच त्यांच्या फोटोला हार.
नावंही गेली. नुसते लांबलचक आकडे.

अप्पा जेकार्डचे पत्ते पाडायचे.
भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली.
आलेखाच्या कागदावरचा मोर चौकोन चौकोन मोजत
पुठ्ठ्यात उतरवायचे. बाराशे पत्त्यांचा एक मोर.
सुतळीत ओवून, कॅरिअरला बांधून
अशोक चौकातल्या मागावरून
अक्कलकोट रोडच्या मागावर न्यायचे.
एकदा वाटेत सुतळी तुटली.
रस्ताभर पसरलेला मोर आम्ही दोघांनी गोळा केला,
तोवर एक रिक्षावाला उभा राहिला, हॉर्न न वाजवता.
पत्त्यांवर नंबर होते म्हणून बरं.
तरी एक हरवलाच.
त्या खेपेच्या सगळ्या टॉवेलांवर
मोराच्या मानेत एक आडवी रेघ.
त्यातले दोन अजून घरात आहेत.

अम्माला म्हटलं, तारखा गेल्या गं.
सूप मांडीवर, ती पानं कापत होती. कात्री थांबली नाही.
"दाखव."
मग चष्मा पदरानं पुसला.
"ह्यात नागमणीची निळी टाकी नाही अजून."
"इथं राजमणीला पोट आहे, म्हणजे श्रावणाच्या आत."
"तुझी वेणी बघ. बारावीच्या आधीचं."
मी टाइप करत गेले. वर्ष, महिना, अंदाजे.
दिवसाला चाळीस होतात, हजार विड्यांच्या मधे मधे.

एका फोटोपाशी ती अडली.
अप्पा गच्चीवर, हात वर,
चौकटीबाहेरचं काहीतरी दाखवतायत कुणाला तरी.
बराच वेळ बघत राहिली.
चिमटीतली तंबाखू सुपात परत पडली.
"ह्याला असू दे कालचंच," म्हणाली.
"पुढचा काढ."

जुनं खातं अजून पुसलेलं नाही.
फोन रोज विचारतो, मी रोज नंतर म्हणते.
दुपारी गफूरभाईंचा मेसेज आला,
वडील मिळाले का?
काय लिहावं सुचेना.
मानेत रेघ असलेला टॉवेल दोरीवर होता,
त्याचा फोटो काढून पाठवला.